समजून घ्या : दवाखान्यात ॲडमिट आजी-आजोबांची पावलं का मोजायची? ९०० पावलांचं गणित नेमकं काय?

डिजिटल डेस्क, हिंगोली

डॉक्टरांच्या राउंडला पेशंटचा ताप पाहिला जातो, बीपी तपासलं जातं, शुगर किती ते विचारलं जातं. लघवी किती झाली हेसुद्धा केसपेपरवर लिहिलं जातं. पण काल दिवसभरात हे पेशंट पलंगावरून किती वेळा उठले, किती चालले, याचा रकाना बहुतेक केसपेपरवर नसतो.

सत्तरीच्या पुढच्या पेशंटच्या बाबतीत हा आकडा फार महत्त्वाचा आहे, असं गेल्या पंधरा-वीस वर्षांतलं संशोधन सांगतं. न्यूमोनिया बरा होतो, शुगर ताब्यात येते, डिस्चार्ज मिळतो. पण स्वतःच्या पायांनी दवाखान्यात आलेले आजोबा घरी परतताना दोघांच्या खांद्यांवर हात टाकून उतरतात. पुढे महिनाभर त्यांना संडासपर्यंत न्यायलाही माणूस लागतं. आजार गेला, पण पाय गेले, अशी अवस्था होते.

हे का होतं, पावलं मोजणारी यंत्रं कशी काम करतात, स्मार्टवॉच वॉर्डात का चुकतं आणि हिंगोलीसारख्या जिल्ह्यात खर्च न करता काय करता येईल, ते समजून घेऊ.

थोडक्यात महत्त्वाचं

- दवाखान्यातले वयस्कर पेशंट दिवसाचा बहुतांश वेळ पलंगावर आडवे असतात, हे सेन्सर लावून मोजलेलं आहे.
- इस्रायलमधल्या एका अभ्यासात दिवसाला ९०० पावलं हा धोक्याचा उंबरठा म्हणून समोर आला.
- मनगटावरचं घड्याळ हळू चालणाऱ्यांची पावलं कमी मोजतं. घोट्यावर किंवा मांडीवर लावलेलं यंत्र जास्त बरोबर मोजतं.
- यंत्र नसेल तरी वही-पेनावर मोजता येतं. पण चालवायचं की नाही, हे आधी डॉक्टरांना विचारा.

झोपून राहिल्यानं नेमकं काय बिघडतं?

आपल्याकडे 'बेडरेस्ट' हा शब्द औषधासारखा वापरला जातो. भेटायला आलेला प्रत्येक पाहुणा आजींना सांगतो, "उठू नका, पडून राहा, आराम करा." भावना चांगली असते, पण शरीर त्याचा वेगळाच अर्थ घेतं. वापर थांबला की स्नायू झिजायला लागतात. पायांचे स्नायू त्यात सगळ्यात पुढे असतात, कारण उभं राहताना शरीराचा भार तेच पेलतात.

अमेरिकेत २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात सरासरी ६७ वर्षं वयाच्या १२ निरोगी माणसांना १० दिवस पलंगावर ठेवण्यात आलं. त्यांना कोणताही आजार नव्हता आणि जेवण व्यवस्थित होतं. तरीही १० दिवसांत त्यांच्या पायांतलं जवळपास एक किलो मांस कमी झालं. निरोगी माणसांची ही गत, तर तापानं, संसर्गानं खंगलेल्या, दोन घास कमी खाणाऱ्या पेशंटचं काय होत असेल, याचा अंदाज करता येतो.

नुकसान फक्त स्नायूंचं होत नाही. सतत आडवं राहिल्यानं पाठीवर आणि टाचांवर जखमा होतात, पायांच्या शिरांत रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका वाढतो, छातीत कफ साचतो, पोट साफ होत नाही. अचानक उभं राहिलं की चक्कर येते. काही पेशंट दिवस-रात्रीचं भान विसरून असंबद्ध बोलायला लागतात.

ही गोष्ट नवी नाही. ब्रिटिश डॉक्टर रिचर्ड ॲशर यांनी १९४७ मध्येच ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये लेख लिहून पेशंटला विनाकारण झोपवून ठेवण्याचे धोके अवयवागणिक मांडले होते. अमेरिकेतल्या २००३ च्या एका अभ्यासात सत्तरीपुढच्या पेशंटपैकी साधारण ३५ टक्के जणांची अंघोळ, कपडे, चालणं अशी रोजची कामं स्वतः करण्याची क्षमता आजारपणाआधी होती त्यापेक्षा डिस्चार्जच्या वेळी कमी झालेली दिसली.

पेशंट खरंच किती वेळ झोपून असतात? हे कळलं कसं?

आधी हे नर्सच्या नोंदींवर किंवा पेशंटला विचारून ठरवलं जायचं. दोन्हींत अडचण होती. एका सिस्टरकडे अख्खा वॉर्ड असतो, प्रत्येकाची पावलं ती कुठून मोजणार? आणि आजोबांना विचारलं तर ते म्हणणार, "चाललो की मघाशी."

सेन्सर आले आणि चित्र बदललं. अमेरिकेत माजी सैनिकांच्या रुग्णालयात ६५ वर्षांपुढच्या ४५ पेशंटच्या मांडीला आणि घोट्याला छोटे वायरलेस सेन्सर लावले गेले. हे सगळे ॲडमिट होण्याआधी चालतेफिरते होते. २००९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. मोजलेल्या वेळातला सरासरी ८३ टक्के वेळ हे पेशंट पलंगावर आडवे होते. उभं राहणं आणि चालणं मिळून दिवसाला जेमतेम ४३ मिनिटं, म्हणजे २४ तासांच्या ३ टक्के.

९०० पावलांचा आकडा कुठून आला?

रोज १० हजार पावलं चालावं, हे आपण ऐकलेलं असतं. त्या आकड्याचं मूळ १९६५ च्या सुमारास जपानमध्ये विकायला आलेल्या 'मानपो-केई' नावाच्या पावलं मोजणाऱ्या यंत्रात आहे. या नावाचा अर्थच 'दहा हजार पावलांचं मीटर' असा होतो. वॉर्डातल्या पेशंटला हा आकडा लावण्यात काहीच अर्थ नाही.

त्यांच्यासाठी वेगळा आकडा हवा होता. इस्रायलमधल्या संशोधकांनी १७७ वयस्कर पेशंटची पावलं यंत्रानं मोजली आणि डिस्चार्जच्या वेळी त्यांची रोजची कामं करण्याची क्षमता तपासली. दिवसाला ९०० पेक्षा कमी पावलं चालणाऱ्यांमध्ये ही क्षमता घटण्याचं प्रमाण स्पष्टपणे जास्त दिसलं. २०१७ मध्ये 'जामा इंटर्नल मेडिसिन' या नियतकालिकात हे प्रसिद्ध झालं.

त्याआधी २०१० मध्ये अमेरिकेतल्या टेक्सासमधल्या अभ्यासात १६२ पेशंटच्या घोट्याला पावलं मोजणारं यंत्र बांधलं होतं. पहिल्या २४ तासांपेक्षा दुसऱ्या २४ तासांत ज्यांची पावलं किमान ६०० नं वाढली, त्यांना इतरांपेक्षा जवळपास दोन दिवस आधी घरी जाता आलं.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. जो आधीच बरा होत असतो तो जास्त चालतो, असंही असू शकतं. म्हणजे या दोन अभ्यासांतून चालण्याचा आणि बरं होण्याचा संबंध दिसतो, पण चालल्यामुळेच फरक पडला हे त्यातून सिद्ध होत नाही.

तो पुरावा स्पेनमधून आला. पाम्प्लोना शहरातल्या रुग्णालयात सरासरी ८७ वर्षं वयाच्या ३७० पेशंटची चिठ्ठ्या टाकल्यासारखी दोन गटांत विभागणी झाली. एका गटाला नेहमीचे उपचार मिळाले. दुसऱ्या गटाला उपचारांसोबत दिवसातून दोनदा देखरेखीखाली व्यायाम देण्यात आला. नेहमीचे उपचार मिळालेल्या गटाची रोजची कामं करण्याची क्षमता दवाखान्यात असताना घसरली. व्यायामाच्या गटात ही घसरण थांबली.

९०० पावलं म्हणजे किती अंतर?

आजारी, वयस्कर माणसाचं एक पाऊल साधारण ४० ते ५० सेंटीमीटरचं धरा. ९०० पावलं म्हणजे ३६० ते ४५० मीटर. एवढं अंतर एकदम चालायचं नाही. वॉर्ड ३० मीटर लांब असेल तर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाऊन परत यायला ६० मीटर होतात. दिवसभरात अशा सहा-सात फेऱ्या झाल्या की हिशोब जमला. सकाळी तोंड धुवायला, नाश्त्यानंतर, जेवणाआधी, दुपारी चहाला, संध्याकाळी, रात्री झोपण्याआधी, असं वाटून घेतलं तर आकडा डोंगराएवढा वाटत नाही.

यंत्र पावलं मोजतं कसं?

औंढा नागनाथ तालुक्यात उभी राहत असलेली लायगो-इंडिया वेधशाळा जिल्ह्यात सगळ्यांना माहीत आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं २,६०० कोटी रुपयांच्या या प्रकल्पाला मंजुरी दिली. चार-चार किलोमीटर लांब नळ्यांमधून लेझर सोडून प्रोटॉनच्याही दहा हजाराव्या भागापेक्षा सूक्ष्म बदल टिपायचा, हे त्या तंत्राचं काम. पावलं मोजायला असं काही लागत नाही. त्यासाठी लागणारा सेन्सर तुमच्या हातातल्या फोनमध्ये आत्ताही आहे. फोन आडवा केला की स्क्रीन आडवी होते, ती त्याच्याचमुळे. त्याचं नाव ॲक्सेलरोमीटर.

एसटीनं अचानक ब्रेक मारला की उभे प्रवासी पुढे झुकतात. चिपच्या आत सिलिकॉनचा केसापेक्षा बारीक स्प्रिंगवर टांगलेला तुकडा असतो, त्याचंही तसंच होतं. फोन हलला की हा तुकडा किंचित सरकतो. त्याच्या आणि शेजारच्या पट्टीच्या मधलं अंतर बदलतं, त्यामुळे विद्युतभार साठवण्याची क्षमता बदलते आणि चिप त्याचा आकडा करते. वर-खाली, डावी-उजवी, पुढे-मागे अशा तिन्ही दिशांना हे मोजमाप सेकंदाला अनेक वेळा होतं.

चालताना पाय टेकला की आकड्यांच्या आलेखात एक शिखर येतं. सॉफ्टवेअर ठराविक उंचीची, ठराविक अंतरानं येणारी शिखरं मोजतं आणि त्यांना पावलं म्हणतं.

या सेन्सरला गुरुत्वाकर्षणही जाणवतं. त्यामुळे काहीच हालचाल नसतानाही 'खाली' कुठे आहे, हे त्याला कळतं. मांडीवर लावलेल्या सेन्सरला मांडी उभी दिसली तर माणूस उभा आहे, आडवी दिसली तर बसलेला किंवा झोपलेला. बसलाय की झोपलाय हे ओळखायला दुसरा सेन्सर घोट्याजवळ लावतात, कारण खुर्चीत बसल्यावर मांडी आडवी पण पोटरी उभी असते. वर सांगितलेल्या ४५ पेशंटच्या अभ्यासात मांडी आणि घोटा अशा दोन जागा होत्या, त्यामागे हेच कारण आहे.

मग स्मार्टवॉच का चालत नाही?

बाजारात दीड-दोन हजारांपासून फिटनेस बँड मिळतात. पण ते धडधाकट माणसासाठी बनवलेले असतात. वॉर्डात त्यांची गोची होते ती अशी :

हळू चाल : पेशंट पाय उचलण्याऐवजी घासत चालतो. आलेखातली शिखरं इतकी बुटकी होतात की सॉफ्टवेअर त्यांना पावलं मानतच नाही.

वॉकर आणि सलाईनचा स्टँड : मनगटावरचा बँड हाताच्या झोक्यावरही अवलंबून असतो. दोन्ही हात वॉकरवर असतील तर हात हलतच नाहीत. आजी अख्खा वॉर्ड फिरून आल्या तरी घड्याळ शून्याच्या आसपास राहू शकतं.

खोटी पावलं : उलटही होतं. हात थरथरत असेल किंवा कुणी चादर झटकली तर न चाललेली पावलंही मोजली जातात.

बेडवर बसणं दिसत नाही : दिवसभर झोपलेला पेशंट दोन तास खुर्चीत बसला, ही मोठी प्रगती असते. साध्या बँडला ती कळत नाही.

म्हणूनच संशोधनात घोट्यावर बांधायची किंवा मांडीला चिकटवायची खास यंत्रं वापरतात. रिहॅबिलिटेशन वॉर्डांतल्या तुलनांमध्ये घोट्यावरची यंत्रं हळू चालणाऱ्यांसाठी जास्त बरोबर ठरली आहेत. अडचण किमतीची आहे, ती साध्या बँडच्या कितीतरी पट महाग असतात.

घरचा साधा बँड वापरायचाच असेल तर तो मनगटाऐवजी घोट्याला, पैंजणाच्या जागी बांधून पाहता येतो. आधी स्वतः ५० पावलं मोजून चालवा आणि बँड किती दाखवतो ते बघा. फार फरक असेल तर त्या आकड्यावर विसंबू नका. सूज असलेल्या, जखम असलेल्या किंवा शुगरमुळे बधिर झालेल्या पायाला पट्टा बांधू नका. एमआरआयला नेताना काढून ठेवा. फोनचं म्हणाल तर तो मांडीच्या खिशात असेल तरच थोडाफार उपयोगी, आणि धोतराला, नऊवारीला खिसा कुठून येणार?

अंगाला न लावता मोजता येतं का?

हो. बंगळुरूच्या 'डोझी' कंपनीची पट्टी गादीखाली ठेवली जाते आणि शरीराच्या सूक्ष्म कंपनांवरून हृदयाचे ठोके आणि श्वास मोजते. पलंगावर माणूस आहे की नाही, हे अशा सेन्सरना सहज कळू शकतं. अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये दिना कताबी यांच्या गटानं वायफायसारख्या रेडिओलहरी अंगावरून परावर्तित होतात त्यावरून चालण्याचा वेग मोजण्याचं तंत्र विकसित केलं आहे. पण एका खोलीत एक पेशंट असेल तिथे हे सोपं असतं. नातेवाइकांनी गजबजलेल्या सरकारी वॉर्डात कोणती हालचाल कोणाची, हे वेगळं करणं अवघड होतं.

हिंगोलीत हा प्रश्न का महत्त्वाचा?

२०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या ११ लाख ७७ हजार होती. तेव्हा राज्यात दर शंभरांत जवळपास दहा जण साठीपुढचे होते. तेच प्रमाण धरलं तरी जिल्ह्यातल्या ज्येष्ठांची संख्या लाखाच्या पुढे जाते. बहुसंख्य लोक खेड्यात राहतात. घर शेतात किंवा गल्लीच्या टोकाला, संडास अंगणापलीकडे, उंबरठा उंच. चालता न येणारं माणूस अशा घरात परत आलं की त्याच्याजवळ कुणाला तरी थांबावं लागतं. हळद काढणीच्या दिवसांत घरातलं एक माणूस अडकलं तर त्याची रोजची मजुरी बुडते. ही किंमत दवाखान्याच्या बिलात दिसत नाही.

दुसरीकडे संधीही आहे. ९ ऑक्टोबर २०२४ रोजी राज्यातल्या १० शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचं पंतप्रधानांच्या हस्ते ऑनलाइन उद्घाटन झालं. त्यात हिंगोलीचं महाविद्यालय आहे. ज्येष्ठांसाठीचा राष्ट्रीय आरोग्य कार्यक्रम २०१०-११ मध्ये सुरू झाला. जिल्हा रुग्णालयात ज्येष्ठांसाठी १० खाटांचा वॉर्ड, वेगळी ओपीडी आणि फिजिओथेरपी, अशी रचना त्यात ठरवलेली आहे. पेशंट चालला की नाही याची नोंद ठेवायला नवी इमारत लागत नाही, केसपेपरवर एक रकाना लागतो.

ज्येष्ठांची हालचाल मोजण्याचा अनुभव राज्यात आहेच. मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेनं २०१७-१८ मध्ये देशभरात ४५ वर्षांपुढच्या ७२ हजारांवर लोकांची पाहणी केली. त्यात हाताच्या पकडीची ताकद आणि ४ मीटर चालायला लागणारा वेळ घरोघरी जाऊन मोजला गेला. कोविडच्या काळात सहा मिनिटं चालून ऑक्सिजन तपासायची चाचणी तर गावागावात पोहोचली होती. घड्याळ आणि मोजलेली जागा एवढ्यावर ती झाली.

यंत्राशिवाय कसं मोजायचं?

अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयानं आठ पायऱ्यांची एक मोजपट्टी तयार केली आहे. दिवसभरात पेशंटनं गाठलेली सगळ्यात वरची पायरी लिहायची, बस्स.

१. पलंगावर पडूनच
२. पलंगावरच कूस बदलणं, हातपाय हलवणं
३. पलंगाच्या कडेला पाय सोडून बसणं
४. पलंगावरून खुर्चीवर जाणं
५. किमान एक मिनिट उभं राहणं
६. किमान १० पावलं चालणं
७. २५ फूट, म्हणजे साधारण साडेसात मीटर चालणं
८. २५० फूट, म्हणजे साधारण ७५ मीटर चालणं

आपल्या वॉर्डात पेशंटजवळ एक नातेवाईक कायम असतो, अनेक देशांतल्या रुग्णालयांत तो नसतो. सून, मुलगा, नातू यांच्यापैकी जो थांबला असेल त्यानं वहीत तारीख, पायरी आणि फेऱ्यांची संख्या लिहिली तर दुसऱ्या दिवशी राउंडला डॉक्टरांना दाखवता येते. काल सहावी पायरी होती आणि आज तिसरी, तर काहीतरी बिघडतंय, हे त्यावरून लवकर कळतं.

चालवण्याआधी काय काळजी घ्यायची?

सगळ्यांना चालवायचं नसतं. खुब्याचं हाड मोडलेलं असेल, नुकताच लकवा किंवा हार्ट अटॅक आला असेल, बीपी खूप कमी असेल, पायात गुठळी असल्याचा संशय असेल तर डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय उठवू नका. "यांना आज किती हालचाल चालेल?" हा प्रश्न रोज विचारा.

परवानगी मिळाली की आधी दोन मिनिटं पाय सोडून बसवा, चक्कर येत नाही ना ते विचारा, मग उभं करा. चप्पल घसरणारी नको. चष्मा लावलेला हवा. ओल्या फरशीवर नेऊ नका. सलाईनची नळी आणि लघवीची पिशवी आधी सिस्टरकडून नीट लावून घ्या. दम लागला, छातीत दुखलं, घाम फुटला तर लगेच बसवा आणि बोलवा.

पडण्याची भीती खरी आहे. दवाखान्यातही पेशंट पडला तर जाब विचारला जातो, झोपून राहिला तर कुणी विचारत नाही. त्यामुळे पेशंटला पलंगावर ठेवणं सगळ्यांना सोयीचं वाटतं. ब्रिटनमध्ये प्रा. ब्रायन डोलन यांनी सुरू केलेल्या मोहिमेचा रोख याच सवयीवर होता. पेशंटला दिवसा दवाखान्याच्या कपड्यांत पलंगावर ठेवू नका, त्याचे नेहमीचे कपडे घालून उठवा, असं ती सांगते. २०१८ मध्ये तिथल्या रुग्णालयांनी यासाठी ७० दिवसांची मोहीम राबवली.

हा डेटा कोणाचा?

रुग्णालयानं सेन्सर लावला तर ती माहिती पेशंटची असते. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचा पाया संमती हा आहे. यंत्र कशासाठी लावलं, माहिती कुठे जाते, हे आजी-आजोबांना त्यांच्या भाषेत सांगायला हवं. नातेवाइकांनी बँड लावला असेल तर ॲप कोणत्या परवानग्या मागतं, ते एकदा बघून घ्या.

शेवटी मुद्दा काय?

आकडा दाखवणारं यंत्र कुणाला चालवत नाही. ते फक्त कोण चाललेलं नाही हे दाखवतं. हात धरून उठवायला माणूसच लागतो. घरातलं वयस्कर माणूस ॲडमिट झालं तर पहिल्याच दिवशी एक गोष्ट लिहून ठेवा : आजारी पडण्याआधी ते कुठपर्यंत चालत होते? शेतापर्यंत, मंदिरापर्यंत की अंगणापर्यंत? डिस्चार्जच्या दिवशी औषधांची चिठ्ठी घेताना डॉक्टरांना विचारा, "तिथपर्यंत पुन्हा जायला आम्ही घरी रोज काय करायचं?" आणि उत्तर मिळेल ते त्याच वहीत लिहून घ्या.